आबिड्सचे हॉटेल आणि वेशीबाहेरचे रिसॉर्ट

हॉटेल पाहुण्याला रात्रीपुरती जागा देते. रिसॉर्ट त्याचा अख्खा दिवस अंगावर घेते. खोल्या, स्वागतकक्ष, स्वयंपाकघर, बिल ही बाहेरची मांडणी दोन्हीकडे सारखीच दिसते. त्यामुळे रिसॉर्ट म्हणजे झाडे आणि तरणतलाव असलेले मोठे हॉटेल, असा समज सहज होतो. रोजच्या कामकाजात शिरले की तो टिकत नाही. शहरातल्या हॉटेलाची निम्मी व्यवस्था आजूबाजूचे शहरच करत असते. रिसॉर्टला ते शहर स्वतःच्या कुंपणाच्या आत उभे करावे लागते आणि रोज चालवावे लागते. हैदराबादेत हा फरक एका दिवसात पाहता येतो, कारण मध्यावर आबिड्स आहे आणि तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर शामीरपेट, शंकरपल्ली, मोईनाबाद या बाजूंना रिसॉर्टे पसरलेली आहेत.

सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या पदरी असलेल्या अल्बर्ट अॅबिड या आर्मेनियन गृहस्थाचे आबिड्समध्ये दुकान होते. त्याच्याच नावाने हा भाग ओळखला जाऊ लागला. १९०७ साली जवळच नामपल्लीचे रेल्वे स्थानक झाले. आजही मुंबईची हुसेनसागर एक्स्प्रेस तिथेच येऊन थांबते आणि स्टेशन रोडवरची लॉजे व हॉटेले या प्रवाशांवर चालतात. नांदेड-परभणीकडून खरेदीला आलेला व्यापारी, दवाखान्याच्या कामासाठी आलेले कुटुंब, परीक्षेला आलेला विद्यार्थी, बदलीच्या गावी घर मिळेपर्यंत थांबलेला नोकरदार, असा इथला पाहुणा असतो. त्याला स्वच्छ खोली, गरम पाणी आणि पक्के कुलूप हवे असते. गाडी कोणत्याही वेळेला येते, म्हणून अशा लॉजांत चोवीस तासांच्या चेक-आउटची पद्धत रुळली: पाहुणा ज्या वेळी आला त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी खोली सोडायची.

बाकी सगळे दाराबाहेर तयार असते. इडली-डोशासाठी ताजमहाल हॉटेल, बिर्याणीसाठी ग्रँड हॉटेल, चालत गेल्यावर जीपीओ, आणि रविवारी दुकाने बंद असताना फुटपाथवर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार. पाहुण्याचे मन रमवण्याची जबाबदारी हॉटेलावर नाही. मालकाचीही तीच सोय. नळ बिघडला तर लागणारा सुटा भाग ट्रूप बाजारात मिळतो. स्वयंपाकघरातली भांडी आणि घाऊक किराणा बेगम बाजारातून येतो. फळे मोअज्जम जाही मार्केटमधून. पाणी आणि सांडपाणी महापालिकेच्या व जलमंडळाच्या वाहिन्यांवर. पाळी संपली की वेटर सिटी बस पकडून घरी जातो. त्याच्या झोपेची, जेवणाची, मुलांच्या शाळेची चिंता व्यवस्थापकाच्या वहीत नसते.

हाच नळ शहरापासून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या कॉटेजमध्ये रात्री नऊ वाजता बिघडला, तर प्लंबर आवारातच हवा आणि त्याच मापाचा वॉशरही कोठीत हवा. म्हणून रिसॉर्टच्या स्टोअरची यादी हॉटेलाच्या कितीतरी पट लांब असते: पंपाचे बेअरिंग, जनरेटरचे फिल्टर, क्लोरीन, बग्गीच्या बॅटऱ्या, फ्यूज, लहान मुलांची औषधे. माथेरानात हे प्रकरण टोकाला जाते. तिथे मोटारींना बंदी असल्याने वर्षानुवर्षे गॅसच्या टाकीपासून बटाट्याच्या पोत्यापर्यंत बहुतेक माल घोड्यावरून, हातगाडीवरून किंवा हमालाच्या डोक्यावरून वर चढला आहे. तिथल्या व्यवस्थापकाला कोथिंबीर संपल्यावर मागवता येत नाही, संपणार हे आधी ओळखावे लागते.

दोन्ही धंद्यांचा उगमही वेगळा आहे. आजच्या शहरी हॉटेलाचा साचा फिरत्या विक्रेत्यांसाठी घडला. एल्सवर्थ स्टॅटलरने १९०८ साली अमेरिकेत बफेलो येथे प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर असलेले हॉटेल परवडणाऱ्या दरात सुरू केले. एकसारख्या खोल्या, ठरलेली सेवा, हिशेबी खर्च हा त्याचा धडा पुढे जगभर गिरवला गेला. रिसॉर्टची मुळे हवापालटात आणि औषधी पाण्याच्या झऱ्यांत आहेत. आपल्याकडे १८२८च्या सुमारास महाबळेश्वर आणि १८५० नंतर माथेरान वसले ते उन्हाळ्यापासून सुटका म्हणूनच. १९५० साली जेरार्ड ब्लिट्झ याने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ‘क्लब मेडिटेरानी’ सुरू केला. राहणे, जेवण, खेळ यांचे एकच शुल्क आधी भरायचे ही त्याची कल्पना आजच्या पॅकेजांची पूर्वज म्हणता येईल. भारतात ताज समूहाने अजित केरकर यांच्या काळात १९७४ साली गोव्यात फोर्ट अग्वाद बीच रिसॉर्ट उघडले आणि समुद्रकिनारी सुट्टी घालवण्याचा धंदा संघटित रूपात सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. गणपतीपुळे, तारकर्ली, पानशेत, भंडारदरा अशा ठिकाणच्या त्याच्या निवासांनी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला रिसॉर्ट परवडणारे केले, ही मोठी गोष्ट आहे. हवाई विद्यापीठाचे चक यिम गी यांनी ‘रिसॉर्ट डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट’ हे पाठ्यपुस्तक लिहिले, तेव्हा हा हॉटेलशास्त्राचा स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जाऊ लागला होता.

आबिड्सच्या लॉजात खोलीमागे बहुतेकदा एक किंवा दोन माणसे असतात. रिसॉर्टात आई-वडील, दोन मुले आणि आजी असे कुटुंब उतरते. म्हणजे जादा गादी, जादा टॉवेल, मऊ भात, आणि आजीसाठी जेवणघराजवळची, पायऱ्या नसलेली कॉटेज. ही माणसे दिवसभर आवारातच असतात. म्हणून जेवणाचे करार महत्त्वाचे ठरतात. धंद्यात त्यांची नावे ठरलेली आहेत: ‘ईपी’ म्हणजे नुसती खोली, ‘सीपी’ म्हणजे खोली आणि नाश्ता, ‘एमएपी’त नाश्त्याबरोबर एक जेवण, ‘एपी’त तिन्ही वेळचे खाणे. शहरातले हॉटेल ईपी-सीपीवर निभावून नेते. रिसॉर्टला बहुधा एमएपी किंवा एपी द्यावा लागतो, कारण बाहेर खायला काही नाही. तीन दिवस राहणाऱ्या पाहुण्यापुढे पनीरची तीच भाजी दुसऱ्यांदा आली तर तो आचाऱ्याला नावे ठेवतो. त्यामुळे बफेचे पदार्थ दिवसाच्या नव्हे, फेऱ्यांच्या हिशेबाने लावावे लागतात. तारकर्लीला मालवणी मासळी आणि सोलकढी मिळाली नाही, किंवा तेलंगणातल्या रिसॉर्टात पप्पू, गोंगूरा आणि सर्वपिंडी दिसली नाही, तर पाहुणा इतक्या लांब कशासाठी आला, असा प्रश्न पडतो. कुठेही मिळणारी नूडल्स ठेवून भागवणारी रिसॉर्टे स्वतःचेच नुकसान करतात.

धंद्याचा खरा कस कॅलेंडरवर लागतो. शहरातले कामकाजी हॉटेल सोमवार ते गुरुवार भरलेले आणि शनिवार-रविवार थोडे रिकामे असते. रिसॉर्टचे उलटे. समजा पन्नास खोल्यांचे रिसॉर्ट शुक्रवार-शनिवार पूर्ण भरले आणि उरलेल्या पाच रात्री दहा-दहा खोल्या गेल्या. आठवड्यात ३५० खोल्या विकायला होत्या, गेल्या १५०. म्हणजे भरणा ४३ टक्क्यांच्या आसपास. बाग, पहारा, पाणी आणि पगार यांचा खर्च मात्र मंगळवारीही जवळपास तेवढाच. ही पोकळी भरण्यासाठी हैदराबादच्या रिसॉर्टांना हायटेक सिटीतल्या कंपन्यांच्या बैठका आणि प्रशिक्षणे हाताशी आहेत. ती आठवड्याच्या मधल्या दिवसांत होतात. उलट लांबच्या सुट्टीला दोन रात्रींखाली आरक्षण न घेण्याचा नियम लावला जातो, नाहीतर शनिवारची रात्र तुटक विकली जाऊन शुक्रवार-रविवार रिकामे राहतात.

सुट्ट्यांचे वेळापत्रकही दोन राज्यांचे सांभाळावे लागते. तेलंगणात बतुकम्मा-दसऱ्याची लांब सुट्टी आणि संक्रांत हे गर्दीचे दिवस. महाराष्ट्रातून नांदेड, लातूर, सोलापूरकडचा पाहुणा येतो तो दिवाळीत आणि मे महिन्यात. लग्नांचा हिशेब निराळा. आषाढात आणि गुरू-शुक्राच्या अस्तकाळात, ज्याला तेलुगूत ‘मूढम’ म्हणतात, मुहूर्त नसतात. त्यामुळे बँक्वेट विकणाऱ्याच्या टेबलावर पंचांग असणे हा श्रद्धेचा नव्हे, विक्रीचा भाग आहे. मुहूर्ताच्या दिवशी एकच कुटुंब सगळे रिसॉर्ट घेते. तेव्हा उत्पन्न मोठे, पण इतर पाहुणे बंद, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालवता येत नाही हा २००० सालच्या नियमांतला दंडक वरातीला समजावून सांगण्याचे काम व्यवस्थापकाचे.

हॉटेलाची कमाई मुख्यतः खोलीची. रिसॉर्टची कमाई जेवण, समारंभ, खेळ, मसाज, सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांचे ‘डे-आउट’ यांत विखुरलेली असते. म्हणून नुसते खोलीमागचे उत्पन्न पाहून रिसॉर्ट कसे चालले हे कळत नाही. पाहुण्यामागे एकूण किती आले आणि त्यासाठी किती गेले, हे पाहावे लागते. करही आड येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचे ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के. पॅकेजमध्ये खोली किती आणि जेवण किती, ही मांडणी त्यामुळे हिशेबनीसाच्या जिकिरीची होऊन बसते.

पाणी हा विषय सर्वांत जड आहे, आणि त्याविषयी पाहुण्याला सर्वांत कमी सांगितले जाते. राष्ट्रीय बांधकाम संहिता चार तारांपर्यंतच्या हॉटेलात दर खाटेमागे रोज १८० लिटर आणि पंचतारांकित हॉटेलात ३२० लिटर पाणी धरते. शंभर पाहुणे वरच्या मापाने धरले तर रोजचे ३२ हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून वर. पंधरा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरला जरा कमी खोल तरणतलावात सुमारे १ लाख ४४ हजार लिटर पाणी असते. हैदराबादच्या उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडाले तरी रोज हजार लिटरच्या आसपास भर घालावी लागते. त्यात हिरवळ. जलमंडळाची वाहिनी इथे नसते. असते ती बोअरवेल, आणि तोच भूजलसाठा शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीचाही असतो.

हैदराबादला हा प्रश्न कागदावर फार आधी कळला होता. १९०८च्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली. पूर अडवणे आणि शहराला पिण्याचे पाणी देणे ही त्यांची दोन कामे. या तलावांचे पाणलोट वाचवण्यासाठी ८ मार्च १९९६ रोजी सरकारने ‘जीओ १११’ हा शासकीय आदेश काढला. तलावांभोवतीच्या दहा किलोमीटरांत, ८४ गावांमध्ये, प्रदूषण करणारे उद्योग, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांना त्याने मनाई केली. मोईनाबाद-चिलकूरचा रम्य भाग याच पट्ट्यात येतो. एप्रिल २०२२ मध्ये ‘जीओ ६९’ने ही बंधने शिथिल केली, पर्यावरणवादी आणि जमीनमालक यांच्यातला वाद मात्र शमलेला नाही. किनाऱ्यावरही असेच: १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत बांधकामाला अटकाव केला, आणि गोव्यातल्या अनेक रिसॉर्टांची रचना या रेषेभोवती ठरली. ज्या निसर्गासाठी पाहुणा पैसे मोजतो तोच उपसून रिसॉर्ट चालवणे हा धंद्याच्या दृष्टीनेही घाट्याचा सौदा आहे. सांडपाणी शुद्ध करून बागेला देणे, हिरवळीऐवजी कमी पाण्याची देशी झाडे लावणे, पावसाचे पाणी जिरवणे हे पहिल्या आराखड्यातच बसवावे लागते; नंतर जमिनीखालच्या नळांची दुहेरी मांडणी करणे फार महागात जाते. शंकरपल्लीजवळ प्रोद्दुटूरचे प्रगती रिसॉर्ट औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी ओळखले जाते. बागेलाच आकर्षण बनवण्याचा हा मार्ग अधिक जणांनी धरायला हवा.

तरणतलावाचे काम जवळून पाहिले तर रिसॉर्टच्या रोजच्या शिस्तीची कल्पना येते. पाहुणे उठायच्या आत, सहाच्या सुमारास, तलावाचा माणूस जाळीने पाने काढतो, मग हातभर खाली बुडवून नमुन्याच्या दोन नळ्या भरतो. एकीत थेंब टाकले की पाणी पिवळे होते, दुसरीत लालसर. पिवळ्या रंगाच्या गडदपणावरून क्लोरीन कळते. ते दर दहा लाख भागांत एक ते तीन भाग असावे. लाल छटेवरून आम्लता कळते; पीएच ७.२ ते ७.८ मध्ये हवा. पीएच वर गेला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही, आणि खाली गेला की डोळे चुरचुरतात व पाइप गंजतात. आकडे वहीत लिहून सही होते. शनिवारी दुपारी साठ मुले पाण्यात उतरली की हीच तपासणी पुन्हा, कारण घाम आणि सनस्क्रीन क्लोरीन खाऊन टाकतात. पाणी निळे दिसते म्हणून वही न भरणारे रिसॉर्ट धोकादायक समजावे.

साफसफाईचे गणितही बदलते. शहरातल्या हॉटेलात एक कर्मचारी एका पाळीत चौदा ते सोळा खोल्या करतो, असे मानतात. खोल्या एका ओळीत असतात आणि ट्रॉली ढकलत जाता येते. कॉटेजा झाडीत विखुरलेल्या असल्या की निम्मा वेळ चालण्यात जातो, पावसात ट्रॉली निघतच नाही, खोलीत चिखल आणि वाळू असते. रविवारी दुपारी सगळे एकदम निघतात आणि दोन-तीन तासांत पुढच्या मंडळींसाठी खोल्या लागतात. म्हणूनच चादरींचे पाच संच बाळगण्याची जुनी पद्धत इथे सोडता येत नाही: एक पलंगावर, एक मजल्याच्या कोठीत, एक धुलाईत, एक मळलेला, एक राखीव.

आबिड्सचा वेटर रात्री घरी जातो. रिसॉर्टचा कर्मचारी कामाच्या जागीच राहतो. त्याला राहायला खोली, स्वच्छ संडास, पोटभर मेस आणि महिन्यातून सलग सुट्टी लागते. पाहुण्यांच्या आनंदाच्या दिवशी, म्हणजे दसरा-दिवाळीला, त्याला घरी जाता येत नाही, हे या पेशाचे कायमचे दुखणे आहे. स्टाफ क्वार्टर हा आराखड्यात शेवटी उरलेल्या कोपऱ्यात टाकण्याचा विषय समजला जातो. पत्र्याच्या खोलीत झोप न झालेला माणूस सकाळी पाहुण्याशी गोड बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. गावातल्या माणसांना कामावर घेणे हे व्यवहारानेही शहाणपणाचे. माळी, पहारेकरी, बग्गीचालक गावचेच असले की रस्त्याचे, पाण्याचे, रात्रीच्या आवाजाचे तंटे वेळीच बोलून मिटतात. दूध, भाजी, फुले गावातून घेतली तर गावालाही रिसॉर्ट आपले वाटते.

सुरक्षेत हयगय चालत नाही, कारण अग्निशमन दल आणि मोठे रुग्णालय लांब असते. तलावावर प्रशिक्षित जीवरक्षक, प्रथमोपचार जाणणारा माणूस प्रत्येक पाळीत, रात्रीही तयार असलेली गाडी, आणि सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते याची ताजी माहिती, हे किमान. दख्खनच्या माळावर नाग आणि घोणस दोन्ही आहेत. हैदराबादेत फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी साप पकडून सुरक्षित जागी सोडते. तिचा क्रमांक स्वागतकक्षात हवा. कोकणात पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो. तेव्हा पाहुण्याचा रोष पत्करूनही त्याला पाण्यात जाऊ न देणे हे व्यवस्थापकाचे काम आहे.

काही जागा दोन्ही प्रकारांत बसतात. फलकनुमा पॅलेस शहरातच आहे. १८८४ मध्ये विकार-उल-उमरा याने बांधायला घेतलेला हा राजवाडा नोव्हेंबर २०१० मध्ये ताज समूहाने हॉटेल म्हणून खुला केला. खोल्या साठच, पण पाहुण्याचा दिवस राजवाड्याच्या आवारातच जावा अशी सगळी आखणी, व्यवस्थापन रिसॉर्टचेच. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांच्या १७१० सालच्या गढीत कामत समूहाने चालवलेले जाधवगड त्याच जातीचे. १९९६ साली सुरू झालेल्या रामोजी फिल्म सिटीत तर मूळ धंदा चित्रीकरणाचा. दिवसा पर्यटक, रात्री कलाकार आणि तंत्रज्ञ. ‘सितारा’ आणि ‘तारा’ ही हॉटेले दोघांनाही सामावतात. विक्रीची पद्धतच वेगळी असलेली महिंद्रा हॉलिडेज कंपनीही १९९६ सालीच निघाली. तिथे पाहुणा पंचवीस वर्षांच्या सदस्यत्वाचे पैसे आधीच देतो. मग विक्रीची चिंता सरते आणि हव्या त्या सुट्टीत हव्या त्या ठिकाणी खोली न मिळाल्याची तक्रार सांभाळणे हे रोजचे काम होते.

सर्वांत लहान रूप शेतावरच्या पर्यटनाचे. पांडुरंग तावरे यांनी २००५च्या सुमारास बारामती परिसरातून त्याला चालना दिली आणि २०२० साली महाराष्ट्राने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण आणले. चार खोल्या, घरची भाकरी-पिठले, बैलगाडीची फेरी. व्यवस्थापक, आचारी आणि वाटाड्या एकाच घरातले. मोठ्या रिसॉर्टातही एकाच माणसाला अनेक कामे करावी लागतात, म्हणून हैदराबादेत विद्यानगरच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत किंवा गच्चीबावलीच्या पर्यटन संस्थेत शिकणाऱ्या मुलांचा ओढा साहजिकच शहरातल्या मोठ्या हॉटेलांकडे असतो. तिथे एकाच विभागात पारंगत होता येते. रिसॉर्टात गेलेल्या मुलाला पहिल्या वर्षातच सकाळी सांडपाणी प्रकल्पाचा ऑपरेटर, दुपारी लग्नाचे यजमान आणि रात्री गावचा सरपंच, अशा तिघांशी बोलावे लागते.